पडण्याचा शॉट

६ फेब्रुवारी २००१, मंगळवार

जयसिंगदादा पडले. खरे पडले!

आणि मी त्या वेळी कुठे, तर रस्त्यावर उसाचा रस पीत उभा. आमच्या एडिटर दिगंबर सरांनी सकाळी मला वाघोलीच्या खाणीवर पाठवलं होतं ते शूटिंगचे कागद आणायला. बघायला नाही. कागद लगेच मिळाले होते. मग दगड फोडायचं मशीन बघत बसलो. मग एक माणूस बकरीला मोटरसायकलवर पुढ्यात बसवून चालला होता — त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेलो. मग रस. माझं हे असंच! परत आलो तर सगळे ट्रकभोवती गोळा झालेले.

शेडच्या पत्र्यावरून खाली उडी मारायची होती. खाली पुठ्ठ्याची रिकामी खोकी, वर गादी. एवढीच व्यवस्था असते आमच्या पिक्चरमध्ये. खोकी चित्रात येत होती म्हणून कॅमेरावाल्याने ती मागे सरकवायला लावली. दादांना सांगितलं म्हणे. कधी? ते वर चढल्यावर! खालून ओरडून! आणि दगडाचं मशीन धडधडत होतं. दादांनी मान हलवली. काय ऐकून हलवली, देव जाणे. ट्रकच्या फाळक्यावर कंबर आदळली.

रावसाहेबांच्या, म्हणजे पिक्चरच्या मालकांच्याच, सुमोतून दादांना नेलं. गाडी वळणाच्या पलीकडे जाते न जाते तोच रावसाहेब टाळ्या वाजवत म्हणाले, "चला चला, ऊन चाललंय. पुढचा घ्या!"

पुढचा घेतला. सगळ्यांनी मुकाट घेतला.

रात्री रूमवर येऊन गेट आपटलं. घरमालक गॅलरीतून म्हणाले, "गेट आमचं आहे, राग तुमचा आहे. दोन्ही वेगळे ठेवा."

८ फेब्रुवारी, गुरुवार

खुब्याचं हाड मोडलं. आत सळई घालणार. डॉक्टर म्हणाले चालतील. उड्या विसरा.

उड्या विसरा म्हणे! जयसिंगदादांनी आयुष्यात दुसरं केलंय काय? पूर्वी तालमीत, मग सिनेमावाल्यांकडे. काचेतून जाणं, जिन्यावरून गडगडणं, पेटलेला शर्ट घालून पळणं. आमच्या पिक्चरमध्ये ते हिरोचे डुप्लिकेट. हिरो कोण? बाळ! रावसाहेबांचा मुलगा. हिंजवडीकडची जमीन कंपन्यांना गेली आणि रावसाहेबांना मुलगा हिरो दिसायला लागला. बाळला स्टुलावरून उतरायचं तरी कुणाचा तरी खांदा लागतो. त्यामुळे जिथे जिथे बाळ उडतो, तिथे दादा — बाळचा शर्ट, बाळचे केस, कॅमेऱ्याकडे पाठ.

माझं काम त्याच्यापुढचं. मारामारी मैदानात होत नाही, ती आमच्या कोथरूडच्या खोलीत होते. बाळचा गुद्दा समोरच्याच्या नाकापासून वीतभर लांबून जातो. मी मधल्या दोन-तीन फ्रेम काढतो. आता तो नाकावर बसतो! आणि पाठमोरे दादा वळले, त्यांचं तोंड जरा जरी दिसलं की तेवढं कापायचं. सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. चार महिने मी तेच करतोय. मशीनसमोर बसून दादांचं तोंड शोधायचं आणि उडवायचं.

दादा कधी चहाला स्टुडिओत आले की दारातूनच विचारायचे, "किती येळा कापलंस रं आज मला?"

"मोजलं नाही दादा."

"चांगलं काप. बाळासाब दिसाय पायजे."

आणि मोठ्याने हसायचे.

त्या दिवशी मात्र ते बाळ नव्हते. गुंडांच्या टोळीतला एक पोरगा आलाच नाही, म्हणून दादाच गुंड झाले. स्वतःचाच शर्ट, स्वतःचेच केस. हौसेने चढले म्हणे. आलं असतं ते पोरगं तर!

९ फेब्रुवारी

काही नाही. चिडलोय.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आज तो शॉट मशीनवर आला.

मी इतकी पडणी बघितली आहेत! खोटी सगळी. हात पसरलेले, आरोळी, धप्प. हे तसं नाहीच. दादा उडी घेतात, मध्येच त्यांना खोकी दिसतात — म्हणजे नसलेली दिसतात — आणि ते अंग वळवतात. त्या वळण्यात चेहरा पूर्ण आपल्याकडे. घाबरलेला नाही. काहीतरी विसरून बाहेर पडलेल्या माणसासारखा. मग फाळका. मग कॅमेरा हलतो, कारण कॅमेरावाला घाबरला. आता घाबरला!

मी मशीन बंद केलं आणि बाहेर पायरीवर बसलो. समोर एक बाई स्कूटरला किक मारत होती, मारत होती. मी जाऊन मारून दिली. मग तिच्या मुलाच्या गणिताच्या क्लासबद्दल बोलत बसलो. म्हणजे मी अर्धा तास गायब.

परत आलो तर रावसाहेब आलेले. सरांनी शॉट लावलेला. रावसाहेब खुर्चीत पुढे सरकून बसलेले. "परत लावा. परत लावा. अहो ओरिजनल हाय हे!"

सर म्हणाले, "आपल्या पिक्चरमध्ये ओरिजनल एवढंच आहे."

रावसाहेबांना टोमणा कळला नाही. ते खूश. "हेच ठेवायचं. इंटरव्हलनंतर लगीच."

मी म्हणालो, "सर, माणूस मोडलाय त्यात."

"मग? आपण डॉक्टर आहोत का?"

"पण सर—"

"अहो योगेश, आपण इथे कापायला बसलो आहोत. रडायचं असेल तर बाहेर पायऱ्या आहेत. आत्ता होतात तिथेच."

दिगंबर सर सिनेमाच्या कॉलेजातून शिकलेले. कपाटात बक्षिसाची ढाल आहे. पूर्वी टेबलावर कात्री घेऊन फिल्म कापायचे. आता त्यांनी कॉम्प्युटरचं मशीन घेतलंय आणि त्याचे हप्ते असे पिक्चर करून फेडतात. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातून पळालेला, वाशीमचा. अकोल्याला लग्नांच्या कॅसेटी केल्या, नांदेडला केबलवाल्याकडे वायरी ओढल्या, मध्ये सहा महिने नुसता हिंडलो. त्यांनी मला काम दिलं, शिकवलं. सगळं खरं. पण आज त्यांची ढाल उचलून रस्त्यात फेकावीशी वाटली!

१३ फेब्रुवारी, मंगळवार

अभिनवला सगळं सांगितलं. माझा रूम पार्टनर, आमच्याकडलाच, कारंज्याचा. दिवसभर कॉम्प्युटरचा क्लास, रात्री इंग्रजी इंटरव्ह्यूची पाठांतरं. आरशासमोर उभा राहून "माय स्ट्रेंथ इज" म्हणतो. ऐकून म्हणाला, "अबे, पडला तो, अन् राग तुले?"

"मग कुणाला यावा?"

"त्याले येऊ दे ना! तू कॉम्प्युटरची जावा शीक. त्याच्यात कोणी पडत नाई."

याच्या कानाखाली द्यायला हवी होती. हसू आलं म्हणून दिली नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

विश्रांतवाडीला गेलो. दादांना घरी आणलंय. खोलीत लोखंडी कॉट, पायाखाली उशी. द्वारकावहिनी आता आळंदी रोडच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जातात. मी गेलो तेव्हा नुकत्या आल्या होत्या, हाताला पीठ तसंच. संत्रं सोलून अर्धं मला दिलं, अर्धं दादांना.

मी बसतो न बसतो तोच दादांनी विचारलं, "शॉट कसा आलाय रं?"

मी तडकलो. "त्याचं नाव काढू नका दादा!"

"न्हाई, पण नीट आलाय न्हवं? हललं-बिललं न्हाई?"

"दादा, खरंच नको. मी बघून घेतो. तुम्ही त्याचा विचारच करू नका."

दादांनी उरलेलं संत्रं खाल्लं. मग म्हणाले, "तू बगतोयस म्हनल्यावर काळजी न्हाई."

येताना बसमध्ये माझं डोकं फुटायची वेळ आली. माणूस जखम उकरत बसतो तसं ते त्या शॉटबद्दल विचारतायत! आणि रावसाहेब एकदाही भेटायला गेले नाहीत. बाळने फुलं पाठवली. फुलं! वहिनींनी ती हौदाजवळ ठेवली होती.

दादांना वचन दिलं. आता मागे फिरायचं नाही.

५ मार्च

सरांशी पुन्हा भांडलो. ते चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

१४ मार्च, बुधवार

तीनदा!

रावसाहेबांना तो शॉट तीनदा हवाय. लागोपाठ. एकदा पुरा, मग अर्ध्यातून हळू, मग शेवटचं आपटणं अजून हळू. "पब्लिकला कळाय नको का? एकदा दाखवलं तर डोळं मिटत्यात लोक." आणि बाळ बाजूला च्युइंग गम चघळत म्हणतो, "माझा रिअ‍ॅक्शन शॉट टाका ना मध्ये."

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि उठले. "योगेश, तुम्ही बसवा. माझी पाठ दुखतेय."

माझ्या हाताने मी जयसिंगदादांना तीनदा पाडलं. मध्ये बाळचं तोंड टाकलं. चघळणारं तोंड. रावसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली — "हात बसला पोराचा!"

घरी चालत आलो. पौड फाट्यापर्यंत शिव्या देत आलो, मोठ्याने. एक काका वळून बघायला लागले तेव्हा थांबलो.

२१ मार्च, बुधवार

पिक्चर पक्का झाला. आता आम्ही कॉम्प्युटरवर कापलेलं सगळं आकड्यांत निघतं — कुठल्या फ्रेमपासून कुठल्या फ्रेमपर्यंत — आणि ते मुंबईच्या लॅबला जातं. तिथे त्याप्रमाणे खरी फिल्म कापतात. एकदा कापली की कापली. शुक्रवारी मी घेऊन जायचंय.

सर उद्या नाशकाला. पुतणीचं लग्न. किल्ली माझ्याकडे.

२२ मार्च, गुरुवार

काढला.

सकाळी आलो, दार लावून घेतलं, आणि तो शॉट काढला. तिन्ही वेळचा. आधी वाटलं होतं की नुसतं भोक पडेल तिथे. पण हात थांबेना. दादांची पाठ होती — त्याच दिवशीच्या रिहर्सलची, उडीच्या आधीची, पत्र्याच्या कडेला उभे असतानाची. ती घेतली. मग ट्रकखालून उठलेली धूळ, ती भलत्याच सीनची. मग दगडांत पालथा पडलेला कुणीतरी गुंड. मध्ये एका कावळ्याचं उडणं — कॅमेरावाल्याने उगाच घेतलेलं. पाठ, कावळा, धूळ, गुंड. कुणी पडतच नाही, आणि तरी माणूस पडतो! लांबी तेवढीच ठेवली, म्हणजे आवाजाच्या पट्टीला धक्का नाही. आपटल्याचा आवाज धुळीवर आपोआप बसला.

मी आजपर्यंत केलेलं सगळ्यात चांगलं काम हे. कुणाला दाखवता येणार नाही. दाखवायचं कशाला? राग गेला नाही, पण पहिल्यांदाच त्याचा काही उपयोग झाला.

भूक लागली होती. शनिवार पेठेपर्यंत गेलो मिसळ खायला, उगाच, इथे कोथरूडला मिळत असताना.

२३ मार्च

मुंबई. दिलं. परत.

९ एप्रिल, सोमवार

सर मुंबईहून आले. तिथे आवाजाचं मिक्सिंग होतं, म्हणजे त्यांनी पडद्यावर सगळं पाहिलं. मी सकाळपासून दाराकडे बघत बसलेलो. काढून टाकतील, पोलिसात देतील, काय काय. दुपार झाली, सरांनी डबा खाल्ला. हात धुऊन आले.

"तो कट कुणाचा?"

"माझा."

"कावळा?"

"माझाच."

"बरा आहे." आणि बडीशेप तोंडात टाकली. "रावसाहेबांना सांगायचं नाही. त्यांना आपणहून कळणार नाही, आणि मला समजावत बसायचं नाहीये."

एवढंच! मला आनंद व्हायला हवा होता. उलट असा संताप आला! म्हणजे त्यांनाही तो शॉट नकोच होता! मग त्या दिवशी चष्मा काय पुसत बसला होतात? एक शब्द बोलला असतात तर मला चोरासारखं दार लावून बसावं लागलं असतं का? मोठी माणसं अशीच. दुसऱ्याने केलं की "बरा आहे."

११ एप्रिल

अभिनवला नोकरी लागली. पेढे. त्याच्या कंपनीत म्हणे खुर्च्या गोल फिरतात. मी म्हटलं, आमचीही फिरते, तिचं एक चाक तुटलंय म्हणून.

२० एप्रिल, शुक्रवार

पिक्चर लागला. नाव लिहायची लाज वाटते म्हणून लिहीत नाही.

पहिला खेळ. थिएटरबाहेर बाळचा बारा हात उंच कटआउट, खाली हलगी. रावसाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यात, पाहुण्यांना घेऊन मधल्या रांगेत. मी मागे, सरांच्या शेजारी. इंटरव्हलनंतर खाण आली. ट्रक आला.

पाठ. कावळा. धूळ. धप्प!

शिट्ट्या! थिएटर उठलं! आणि रावसाहेब अंधारात उभे राहून शेजारच्याला जोरात सांगतायत — "ओरिजनल हाय बरं का! खराखुरा पडलाय माणूस!"

त्यात पडणारा माणूसच नाहीये! त्यांच्या स्वतःच्या पिक्चरमध्ये काय आहे ते त्यांना दिसत नाही! बाळलाही नाही! आपलं तोंड मध्ये नाही हेसुद्धा त्याला कळलं नाही. मला ओरडावंसं वाटलं — अरे आंधळ्यांनो, कावळा आहे तो!

सर कानाशी म्हणाले, "टाळ्या तुमच्या आहेत. मुकाट घ्या."

जिंकलो. जयसिंगदादा, तुमचं हाड मोडताना बघून कुणीही शिट्टी मारली नाही. कुणीही मारणार नाही. उद्या येऊन सांगतो तुम्हाला.

२१ एप्रिल, शनिवार

जायचं होतं. अभिनवने नवी बाइक काढली, सिंहगडापर्यंत गेलो. पिठलं-भाकरी. परत येईस्तोवर अंधार. उद्या नक्की.

२२ एप्रिल, रविवार

सकाळीच विश्रांतवाडी. द्वारकावहिनी बाहेर भांडी घासत होत्या. आज "या भाऊजी" म्हणाल्या नाहीत.

मग त्यांनीच सांगितलं, काल सगळी गल्ली पिक्चरला गेली होती. दादांना दोघांनी खुर्चीत बसवून उचलून नेलं. वहिनींच्या माहेरची माणसं शिरूरहून आली होती. इतकी वर्षं पाठच दिसली, या खेपेला तोंड दिसणार, म्हणून दादांनी स्वतः बोलावली होती. ट्रक दिसल्याबरोबर दादा ओरडले, "आता बगा! आता बगा!" मग धूळ. मग पुढचा सीन. लोकांना वाटलं, अजून यायचंय. पिक्चर संपेपर्यंत सगळे बसून राहिले.

आत गेलो. दादा कॉटवर बसले होते. मला बघून जरा बरं वाटलं त्यांना. म्हणाले, "तू तितलाच हाईस. येवडं येक काम कर माजं. कुनी काडला, त्याचं नाव इचारून ये."

मी हो म्हटलं.